दोरा

मेंदू टांगावा लागतो.
पहिल्याच दिवशी हे सांगितलं डॉक्टर स्वावा ह्याल्तालिननी,
माझं नावही अजून विचारलं नव्हतं.
तळाशी ठेवला तर त्याला बादलीचा आकार येतो,
म्हणून खालच्या रक्तवाहिनीत दोरा ओवायचा
आणि फॉर्मॅलिनमध्ये उलटा, अधांतरी, दोन आठवडे.
नवजात बाळाचा असेल तर तीन.
तो नुकत्या लागलेल्या दह्यासारखा असतो,
श्वास लागला तरी हलेल.
"आणि इथं हळू बोलायचं," म्हणाल्या.
का, ते सांगितलं नाही.

विनिपेगचं ते तळघर. खिडकी जमिनीलगत,
नोव्हेंबर ते एप्रिल तिच्यात नुसता बर्फ.
तीन मजले वर शस्त्रक्रिया विभाग,
जिथं सेहेचाळीस साली त्यांनी अर्ज केला होता.
बाईचा हात ऐन वेळी थरथरतो, असं उत्तर आलं
आणि त्यांना खाली धाडलं.
मेलेल्यांना थरथर कळत नाही ना.

तो हात मी सव्वीस वर्षं पाहिला.

वडील सरोवरावर मासे धरायचे, उणे तीस अंशांत,
बर्फाला भोक पाडून खालून जाळं सरकवायचे.
आठ वर्षांची स्वावा शेडमध्ये मासे साफ करी.
"सुरी दाबायची नाही, पारास्का. ओढायची.
दाबलंस की खोटं दिसतं."

आमच्या इस्पितळात तोवर लहानांचे मेंदू कोणी उघडत नसे.
मोठ्यांचं पुस्तक आहेच की, लहान म्हणजे तेच, वजनाला कमी.
त्यांनी उघडले. बिस्किटांच्या डब्यांत कार्डं साठत गेली,
प्रत्येकावर आठवडे, ग्रॅम, आणि बाळाचं नाव ठेवलं असेल तर नाव.
सहाव्या महिन्यातला मेंदू गुळगुळीत निघाला, नदीतल्या गोट्यासारखा.
घड्या नंतर पडतात.
मी म्हटलं, आठवणींना जागा करत असेल.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"असलं काही अहवालात लिहायचं नाही."

मग ते ठिपके.
आतल्या पोकळीच्या कडेला, खडूसारखे पांढरे,
राईपेक्षा लहान. एकात, नवव्यात, एकतिसाव्यात.
लेख छापून आला तेव्हा वर नाव विभागप्रमुखांचं होतं.
"नाव कुणाचं का असेना, ठिपका तोच," म्हणाल्या
आणि तीच एक बरणी
तीनदा धुतली.

एका मार्चमध्ये मिसेस फेदोराक जिना उतरून आल्या.
गव्हाच्या गावाहून, बसने. बाळ जाऊन तीन हिवाळे झालेले.
पायपुसण्यावर बराच वेळ बूट पुसत राहिल्या.
मग म्हणाल्या, "मी बादल्या उचलल्या होत्या. दुधाच्या.
सासू नको म्हणत होती."

असं कुणाला दाखवायचं नसतं. नियम होता.
डॉक्टरांनी आपलं स्टूल दिलं,
काच लावली, भिंग फिरवून दिलं.
"हे इथं रक्त पोचलं नाही.
तुम्ही नऊ महिने पलंगावर पडून असतात, तरी पोचलं नसतं.
ही बादली नाही."
त्या बाई पाहत राहिल्या.
खिडकीतून कुणाचे तरी पाय गेले.
मग त्यांनी विचारलं, "हा निळा रंग कुणी दिला?"
मी म्हटलं, "मी."
"छान आहे," म्हणाल्या.

पुढं मानपत्रं आली, टोरांटोहून, एक तर ऑस्लोहूनही.
ती कुठं ठेवली मला माहीत नाही.
डब्यांची झाकणं मात्र अजून पाठ आहेत.

शेवटी त्या सरोवराकाठच्या वृद्धाश्रमात होत्या.
हात आता खरंच थरथरत होता,
आणि त्याची त्यांना फार गंमत वाटायची.
"बघ, चाळीस वर्षं उशिरा."
बुटाची नाडी बांधता येईना. मी खाली बसले, गाठ मारली.
"घट्ट नको," हळूच म्हणाल्या,
"आकार बिघडतो."

मी गाठ सैल केली.
बाहेर कुणीतरी गोठलेल्या पाण्यावरून
ट्रक घेऊन चाललं होतं, दिवे लावून, भर दुपारी.