चुकलेले दिवस

नार्वात आठ वाजता खिडकी उघडते.
मी फॉर्म भरते: वय, शिक्षण, पहिली सुई कुठल्या वर्षी.
सरासरी एकोणचाळीस. पुरुष जास्त.
दात बहुतेकांचे गेलेत, ते कुणी विचारत नाही.

इग्नात सूतगिरणीत फिटर होता, गिरणी होती तोवर.
‘बेकार’वर खूण.
कालच त्यानं आमच्या दाराची निखळलेली बिजागरी
न सांगता, नाण्याच्या कडेनं बसवली.
लारिसा मुलीला शाळेत सोडून येते,
घाईत तिचेच हातमोजे चढवून;
अर्ध्या बोटांवर अडलेले.

प्लास्टिकचा पेला. कडू घोट. वर पाणी.
मग तोंड उघडून दाखवायचं,
चाळिशीच्या माणसांनी, जीभ वर करून.
मला नेमकं तेव्हाच काहीतरी लिहायचं असतं.

गुरुवारी इग्नातची आई गेली. नदीपलीकडे, रशियात.
पूल चालत पाच मिनिटांचा.
पण हे औषध तिकडे गुन्हा,
आणि इकडे ते घेतल्याशिवाय दुसरा दिवस निभत नाही.
‘सकाळी पिऊन नीघ, रात्री परत ये,’ मी म्हटलं.
‘जातानाची रांग आठ तासांची,’ तो म्हणाला.
‘परतीची कुणी सांगावी.’

शनिवारी माती झाली.
तो अलीकडच्या काठावर उभा होता म्हणे,
टोपी हातात घेऊन, उणे नऊमध्ये.
पलीकडे काही दिसत नाही तिथून,
किल्ला आहे मधे.

आज आठला हजर. कान लाल.
फॉर्मवरचा पुढचा प्रश्न मी खाली बघूनच विचारला:
या महिन्यात उपचाराचे किती दिवस चुकले?
‘एकही नाही.’

मी शून्य काढलं.
जरा मोठंच निघालं.