पिवळं

रावेरहून केळीचे ट्रक निघतात तेव्हा
घड हिरवेच असतात.
पिवळं व्हायचं ते दिल्लीला पोचून.
बागेतच पिवळा पडलेला घड
व्यापारी हातसुद्धा लावत नाही.

तुला पाहिलं तेव्हा हेच आठवलं.
सहा तासांची तू,
बुबुळांच्या कडेपासून तळपायांपर्यंत.
सासूबाई म्हणाल्या, "पोरीले हयद लागली वं माय,"
आणि हसल्या.
सिस्टर वळवी हसल्या नाहीत.
त्यांनी टाचेत सुई टोचली.

तुझ्याआधी हर्षली. घरीच झाली,
ॲम्ब्युलन्स सुकी नदीच्या पलीकडे अडकलेली.
गुटगुटीत, चांगल्या रडण्याची.
माझा रक्तगट कुणी विचारला नाही.
बहात्तर तासांत एक इंजेक्शन घ्यायचं असतं म्हणे.
ते बहात्तर तास मी
खाटेखालची शेगडी घेतली, बाळंतशेपा चावला,
आणि माझ्या रक्तानं आतल्या आत
तिच्या रक्ताचा चेहरा पाठ केला.

मग तो.
सातव्या महिन्यात एका दुपारी हलायचा थांबला.
ग्रहणात विळी धरली होती का?
पपई खाल्ली होती का?
पाच बायांनी पाच वेळा विचारलं.
तुझ्या वडिलांनी त्याला बांधाशी ठेवला.
केळीची पिलं दर पंधरवड्याला कापावी लागतात,
नाहीतर आईचा घड पोसत नाही.
त्या ओळीतली त्यांनी
त्या साली कापलीच नाहीत.

जळगावला डॉक्टर झोपेंनी
केसपेपरच्या मागे दोन गोल काढले.
"तुम्ही निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह.
तुमचं रक्त तिला परकं समजतं."
परकं तर मलाही समजायचे, डॉक्टर,
लग्न होऊन आले तेव्हा.
पण म्हणून कुणी असं

हे मी मनातच म्हटलं.

दहा मिली काढायचं, दहा मिली घालायचं,
नाळेच्या त्याच वाटेनं.
रक्त भुसावळच्या सुभान तडवीचं,
रेल्वेत गँगमन.
तुझे वडील त्याला मोटारसायकलवर घेऊन आले.
त्यानं बिस्किटाचा पुडा तसाच ठेवला,
"पोरगी का पोरगा?" एवढं विचारलं,
आणि रात्रपाळीला गेला.
रक्ताचं नातं म्हणतात,
ते आता तुझं त्याच्याशी.

तीन दिवस तू निळ्या उजेडात,
डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट.
मी काचेला हात लावते
आणि पुन्हा काढून घेते.

सिस्टर म्हणतात, आता अंगावर पाजा.
मी विचारलं, दुधात नाही ना ते?
नाही.
पुन्हा विचारलं.
नाही हो ताई.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी
दिवा बंद केला, पट्टी काढली,
तुला माझ्या मांडीवर ठेवलं
आणि शेजारच्या बाळाकडे गेल्या.

तू मात्र मला
काहीच विचारलं नाहीस.