विकणे आहे

कुठ्ठाळीच्या धक्क्यामागे, उतारावर
आपोलिनार फुर्तादच्या माडांत
झावळ्यांच्या मांडवाखाली तीन गाड्या.
एक डॅटसन पिकअप, तिच्यात कोंबड्या राहतात.
एक तीनचाकी माझदा, तोंडावर असं हसू
की कुणी कधीतरी विनोद सांगितला
आणि ती त्यातून बाहेरच आली नाही.
आणि ही.
सुबारू तीनशे साठ,
हळद घातलेल्या दुधाच्या रंगाची,
दारं उलटी उघडणारी, कपाटासारखी.
इंजिन मागे, तेही जेमतेम घागरीएवढं,
पेट्रोलमध्ये ऑइल कालवून पाजायचं.

आपोलिनार सदतीस वर्षं तारवटी होता.
तो विकायला बसलाय असं वाटत नव्हतं,
मुलीसाठी आलेलं स्थळ बघतोय असं वाटत होतं.
"कांदोळीचा एक हॉटेलवाला आला होता.
पोहण्याच्या तलावाशी ठेवून
तिच्यात क्रोटनची झाडं लावणार म्हणाला.
मी त्याला चहासुद्धा दिला नाही."
मग माझ्याकडे वळून, "तू चालवणार, की ठेवणार?"
मी आधी किंमत विचारली.
"साडेचार लाख. एक पैसा कमी नाही."
थोडा थांबून त्यानेच म्हटलं, "चार."

गाडी कुणा ओकुदासानची.
मुरगाव बंदरात खनिजाचे नमुने तपासायला आलेला माणूस,
मावशीकडे भाड्याने राहायचा.
एकाहत्तर साली गेला तो थकलेल्या भाड्याबदल्यात
गाडी आणि तिची पुस्तिका ठेवून.
पुस्तिकेत सगळी मुंग्यांसारखी जपानी अक्षरं,
समासात मावशीची पेन्सिल, रोमी कोंकणीत,
एकाच चित्राखाली तीनदा:
हांगा बोट घालूं नाका.

मी घातलं. दाराच्या खाली,
पत्रा जिथे पापुद्र्यांनी सुटला होता तिथे.
बावीस वर्षं डिचोलीला खाणीच्या प्रयोगशाळेत
हेच केलं होतं, लाल धूळ चिमटीत घेऊन
भट्टीच्या आधी मनाशी आकडा ठरवायचा.
अठ्ठावन्न. एकसष्ट.
गंजाला टक्के नसतात, मला कळतं.
इथून गेलेल्या कुठल्या ढिगाचं
तिथे काय झालं, पूल, रूळ की कढई,
याचा कागद कुणाकडे नाही.
प्रयोगशाळेतल्या माणसाने असं बोलूही नये.
पण रंग तोच होता.

बाबा बार्जवर होते. 'सातेरी' तिचं नाव.
पावसाळ्यात मांडवीचं तोंड बंद झालं
की कुंभारजुव्याच्या कालव्यातून, खाली मान घालून,
याच धक्क्यावरून पुढे जुवारीला लागायचे.
म्हणायचे, आपण डोंगर पोचवतो रे,
पावती मात्र हातभर लांबीची मिळते.

आपोलिनारने किल्ली फिरवली.
काही नाही.
पुन्हा. आईवरून एक पोर्तुगीज शिवी. पुन्हा.
आणि भाडभुंज्याच्या कढईत चणे उडावेत
तसा आवाज, निळा धूर,
डॅटसनमधून सगळ्या कोंबड्या एकदम बाहेर.
आम्ही कपेलापर्यंत गेलो.
परत येताना चढाला तिचा दम संपला,
मी उतरून ढकलत होतो आणि
तो आतून ओरडत होता, "बघ, कशी धावते!"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.
"कर. आम्हीही बोटीवर जाताना घरी तेच सांगायचो."

घरी सुलक्षाने माझी बोटं पाहिली,
मग पँटचे गुडघे.
"कुठल्या खाणीवर गेला होतास?
सगळ्या बंद आहेत ना?"
किंमत मी सांगितली नाही.
पँट तिने बादलीत भिजत टाकली.
सकाळी वरचं पाणी स्वच्छ होतं
आणि तळाशी बसला होता बारीक, लाल, मऊ थर.
ओतून द्यायच्या आधी
मी सवयीने आकडा ठरवला.