एक ताड कमी

पारसिकच्या माथ्यावरचा हा पाडा
नकाशात नुसता एक आकडा आहे.
पोशा भोपी म्हणाला, "सायेब, एक ताड कमी लिवलाय."

इथून खाडीतली शिडं मोजायचे म्हणे.
सिद्दी, फिरंगी, मग पेशव्यांची माणसं;
निशाणं बदलायची, मोजणारा भोप्यांच्याच घरातला.
जो कोणी चढून आला, घामेजलेला, हत्यारबंद,
त्याला पोशाच्या आज्याच्या आज्यानं
एकच सांगितलं : वर पानी नाय.
करवंदीचे काटे रचून विहीर तोवर झाकलेली.

पुढे तोफा घेऊन कोणी आलं नाही.
सुरुंग आले, डंपर आले.
दुपारी दोनला भोंगा व्हायचा
आणि फळीवरची भांडी आपसूक खाली.
अर्धी टेकडी खडी होऊन उतरली,
नेरुळात, वाशीत
चौदा-चौदा मजले पुन्हा चढली.

मी तिपाई रोवली, दुर्बीण लावली.
"त्यो समोरचा टावर किती उंच?"
सांगितलं.
बोटांच्या पेरांवर तो बराच वेळ काही मांडत राहिला.
"हां. मंग आमचा ताड तिथं हाय."

ऊन टळटळीत. निघताना पाणी मागितलं.
ओट्यावर पोहरा उपडा घातलेला,
खालची फरशी ओली.
पोशा माझ्या वहीकडे बघत म्हणाला,
"वर पानी नाय, सायेब."