चाळीस डोकी

ऑर्डर मुंबईहून आली, फोनवर, तीन ओळींची:
चाळीस डोकी. रंग हिरवा. स्वभाव क्रूर.
खाली ग्रहाचं नाव, म्हणायला जीभ दुमडावी लागते असं.
आम्ही मिरजेची माणसं, भोपळ्यातली,
तंबोऱ्याला तुंबा बसवणारी.
हल्ली तंबोरे कमी निघतात,
म्हणून परग्रहावरचे राक्षसही चालतात.

भोपळा वेलीवर ज्या कुशीला निजतो
त्या अंगाला चपटा होतो,
ते चपटेपण पॉलिशनं जात नाही.
मी कळवलं, चाळीस सारखी मिळणार नाहीत.
तिकडं ओजस नावाचा पोरगा लेखक.
म्हणाला, काका, सारखीच हवीत,
एकाच जमातीचे आहेत सगळे.

अख्खा ग्रह,
एक भाषा, एक कपडा, एक राग!
अरे, मिरजेहून सांगली किती लांब?
तेवढ्यात भडंगातला लसूण बदलतो.
जतकडं निघालास तर वाटेत कुठंतरी
शिव्या कानडीत सुरू होतात
आणि अंगाला लागेनाशा होतात.
माझा इरय्या तिकडचाच.
डोकी कानडीत मोजतो,
पैसे मराठीत.

मी विचारलं, हे तुझे लोक
घरातून निघताना काय म्हणतात?
तो म्हणाला, हल्ला.
तसं नाही रे. रोजचं. बाजाराला जाताना.
आपण मेलो तरी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.
दुकान बंद करत नाही, वाढवतो.
बांगडी फुटली तरी वाढवली,
दिवा विझवायचा तर मालवायचा.
इतकी भित्री आपली जीभ.
ते कुठल्या शब्दाला भितात, तेवढं कळव,
मग मला तोंडाचा आकार ठरवता येईल.

पलीकडं बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग: सातव्या भागात ते सगळे फुटतात, काका.

बरं.
इरय्यानं हिरव्याचे तीन हात दिले.
सतराव्याच्या टाळूवर मी चपटी बाजू घेतली,
चुंबळ बसेल एवढी; तो ओझी वाहणाऱ्यांतला.
बाविसावीच्या कानामागं रंगच लावला नाही.
तिचं कुणीतरी गेलंय,
त्यांच्यात वर्षभर तेवढी जागा कोरी ठेवतात.
एकतिसावा तोतरा, म्हणून ओठ मिटलेले.
आणि शेवटच्या पाचांना
बाकीचे आपल्या पंगतीत बसू देत नाहीत.
ते कसं दाखवलं, सांगत नाही.
आपल्याकडं जन्मलेल्या डोळ्याला
ते न दाखवता दिसतं.

शूटिंग दंडोबाच्या डोंगरावर.
सतरावा झाला मार्केट यार्डातला बाबू कोळेकर,
हळदीचा हमाल. सगळा हिरवा केला त्याला,
नखं मात्र पिवळीच राहिली, तीन हात देऊनही.
मरायच्या आधी त्यानं बंदूक फेकली नाही,
पोतं उतरवावं तशी हळू भिंतीला टेकवली,
मान एकदा डावीकडं मोडली, एकदा उजवीकडं,
आणि मग फुटला.
डायरेक्टर म्हणाला, हे काय मध्येच?
पण ऊन उतरत होतं,
आणि जेवणाचा टेम्पो आला होता.

सातवा भाग लागला तेव्हा
इरय्या बोटं घालून डोकी मोजत बसला,
कानडीत. मोजत गेला तशी ती फुटत गेली.
एकोणचाळीसला थांबला.
एक कुठं गेलं, ते आम्हाला कळलं नाही.

परवा रात्री ओजसचा फोन,
साडेअकरा वाजलेले, मी दुकान वाढवत होतो.
काका, ती कानामागं कोरी ठेवतात ना,
वर्ष सरल्यावर तिथं रंग कोण लावतं?

इरय्याचं म्हणणं, थोरली बहीण.
मला वाटतं, ज्याच्याशी भांडण असेल तो शेजारी.
मी म्हटलं, थांब, आमचं अजून ठरलेलं नाही.
आणि नदीपलीकडच्या गावात
ते वेगळं असणार, हे धरून चाल.