एक सूत

वाशीच्या त्या खोलीत फोमची निळी गादी.
तिच्यावर दुर्वा उभी, हात छातीशी बांधलेले.
मॅडम म्हणाल्या, डोळे मीट, मी आकडे मोजते.
एक. दोन. तीन.
चारला ती कलली,
माल न लावता ठेवलेल्या विटेसारखी,
आणि मी झेलली.

मी गवंडी आहे. मला तोल कळतो
असं वाटत होतं.

कानाच्या आत, डॉक्टर म्हणाले, तीन कमानी असतात,
वाटाण्यात मावतील एवढ्या, पाण्याने भरलेल्या.
मान वळली की पाणी हलतं,
डोक्याला कळतं खाली कुठे आहे.
म्हणजे पाणसळ, मी म्हणालो.
ते हसले. हो, पाणसळच.
ऐकण्याचा शंख तिला लागूनच. भिंत एकच.

कोपरखैरण्याची बैठी घरं बांधलीत मी,
भिंत एकच म्हणजे काय ते मला सांगू नका.
इकडे खिळा ठोकला की
तिकडे फळीवरची भांडी वाजतात.

दीड वर्षाची होती तेव्हा तार आत घातली.
दुसऱ्या कानात, तिसऱ्या वर्षी.
आम्ही एवढंच मागितलं होतं:
हाकेला वळू दे.
वळली. वळताना पडली.
हे ऑपरेशनने झालं की जन्मापासूनचंच,
मी तीनदा विचारलं.
सांगता येत नाही, म्हणाले, तेव्हा तपासलंच नव्हतं.

आता ती नऊ वर्षांची.
सायकल जिन्याखाली गंजते.
उजेडात कुणासारखीही चालते, धावते,
लंगडीत मात्र पहिली बाद.
लाइट गेली की असेल तिथे खाली बसते,
न रडता, फरशी दोन्ही तळव्यांनी धरून,
फरशीच कुठे निघून जाईल तशी.

मे महिन्यात घणसोलीच्या साइटवर डबा घेऊन आली.
चौकट बसवत होतो. म्हणाली, बाबा, ही कललीय.
म्हटलं, गप्प बस, जेव.
मग ओळंबा सोडला.
एक सूत बाहेर.
बिगारी हसला. ती डब्याचं झाकण काढत होती.
आत पाणसळ नसेल तर
सगळं जग डोळ्यांनीच लावून बघायचं,
दर पावलाला, दिवसभर.
केवढी मजुरी.

रात्री मशीन काढून डबीत ठेवते.
मग हाकही नाही, उजेडही नाही.
मोरीपर्यंत अकरा पावलं
भिंतीला एक बोट लावून जाते. नुसतं टेकवून,
भार टाकत नाही.

दिवाळीआधी घराला रंग काढायला घेतला
तेव्हा ती रेघ दिसली,
पलंगापासून मोरीपर्यंत, बोटाच्या मळाची,
खाली जुनी, वर नवी,
चार वर्षांत वीतभर रुंद झालेली.
पाणसळ लावून बघायचा मोह झाला.
नाही लावली.
डोळे मिटले, बोट टेकवलं,
आणि सातव्या पावलाला
मोरीच्या उंबऱ्याला ठेचकाळलो.

आतून बायको म्हणाली, काय पडलं?
ब्रश, म्हणालो.