सही

रबर शोधायला तिची गणिताची वही उघडली.
मागच्या पानावर माझं नाव होतं.
प्र. भा. खैरनार
प्र. भा. खैरनार
पान भरून, खाली खाली उतरत,
पहिल्या ओळीत अडखळलेलं,
शेवटच्या ओळीत जवळजवळ मीच.

एकोणचाळीस वेळा. मोजलं.
मोजणं हाच माझा धंदा,
अंबडला, एमआयडीसीत, पहिल्या शिफ्टला,
शाफ्टचा व्यास, मिलिमीटरचा शंभरावा भाग.
बसला तर हिरवं लेबल, त्यावर माझी सही.
नाही बसला तर लाल पेटी.
लाल पेटीशी कुणी बोलत नाही.

पेपर दप्तराच्या तळाशी होता, चिक्कीच्या कागदाला चिकटलेला.
वीसपैकी सात. खाली पालकांची सही.
बाई फसल्या होत्या. मीही फसलो असतो.

हर्षदा म्हणाली, टॅब बंद कर महिनाभर.
वर्गाच्या ग्रुपवर कुणाच्या तरी आईनं
वीसपैकी वीसचा फोटो टाकला होता,
खाली बावीस अंगठे.
त्यातला एक माझा.

हात उचलला नाही.
पाठ थोपटून घ्यायला सांगत नाहीये,
उचलणार होतो. भाऊंनी उचलला असता,
आणि 'आम्ही काय बिघडलो का' हे वाक्य
माझ्याही जिभेवर तयार होतं,
वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.
पण एकोणचाळीस वेळा.
माझ्या नावाकडे इतका वेळ
आजवर कुणी बघितलं नव्हतं.

मायक्रोमीटरला टोकाशी एक रॅचेट असतो.
नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो,
टक् टक् वाजलं की थांबायचं,
पुढे आवळलंत तर माप खोटं येतं.
जूनपासून दर सोमवारी तिचं पोट दुखायचं.
मी ओवा दिला.
नखं कुरतडायची,
मी बोटांना कडुलिंब चोळला.
टक् टक्.
टक् टक्.

चल, म्हणालो.
ती उलटा स्वेटर घालून निघाली.
स्कूटरवर मला धरलं नाही,
मागची दांडी धरली.
गंगापूर रोडनं, आनंदवलीच्या पुढे, सोमेश्वरला.
जानेवारी. धबधब्याची नुसती बारीक धार,
काळे खडक उघडे पडलेले,
आणि उकडलेल्या शेंगा विकणारी एक बाई.

येताना रस्ताभर मी शब्द घोळवले होते,
विश्वास, प्रामाणिकपणा, असले.
तिथे पोचल्यावर एकही तोंडातून निघेना.
विचारलं ते हे:
"ख कसा जमवलास, स्वानंदी?"

बराच वेळ ती टरफलं एकात एक घालत राहिली.
मग म्हणाली,
"तुझा ख आधी र होतो.
मग तू थांबतोस. मग घाईघाईत व.
आणि मात्रा तू रागात देतोस."
"रागात?"
"दोन्ही एकदम. अशा."
तिनं हवेत दोन फटकारे मारले
आणि मी, अडतीस वर्षांचा माणूस,
जरा मागे सरकलो.

घरी पेपर ओट्यावर ठेवला.
तिच्या सहीखाली माझी केली,
सावकाश, एकेक मात्रा वेगळी देत.
दोन्हींत माझीच जास्त खोटी वाटत होती.

टॅबचं काय, ते अजून ठरलेलं नाही.
सोमवारी बाईंना दोघं मिळून सांगणार आहोत,
बोलायचं कुणी यावर वाद चालू आहे.

झोपताना भिंतीकडे तोंड करून तिनं विचारलं,
"परत सात पडले तर रागावशील?"
नाही म्हणायला काय लागत होतं.
म्हणालो, "बहुतेक हो. थोडा वेळ.
तरी दाखव."

ती काही बोलली नाही.
पांघरुणातून तिच्या पायानं माझा पाय शोधला,
बर्फासारखा गार,
आणि तिथेच राहू दिला.